दुसऱ्या घरी वाजलं का

माझी सून दुपारी कॉलेजात शिकवून घरी येते, जेवते, स्वतःचं ताट घासून ठेवते आणि कानाला मोठे काळे हेडफोन लावून खिडकीजवळ बसते. समोर लॅपटॉप उघडा असतो. ती डोळे मिटते, मध्येच उघडते, काहीतरी दाबते, पुन्हा मिटते. लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा हे माझ्या लक्षात आलं आणि मनात शंका शिरली. गाणी ऐकणारी बाई मान डोलावते. आईशी बोलणारी बाई बोलते. ही नुसती ऐकत बसते. कोणाचं?

मी विचारलं नाही. मला विचारता येत नाही. चौथी झाल्यावर मी बापाबरोबर मिठागरावर जायला लागले. तिथे दिवसभर बोलायला कोणी नसायचं, आणि पुढे बोलायची वेळ आली तेव्हा जमलंच नाही. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. म्हणून मनात येतं ते असं लिहिते. कोणाला दाखवायचं नाही.

नवरा गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. मी, मुलगा आणि सून. घर पनवेलच्या बाहेर, करंजाड्याच्या अलीकडे, जुन्या गावठाणात. आता चारी बाजूंनी इमारती झाल्या आहेत. मुलगा बंदरात कंटेनरच्या कामावर आहे. शेवटी मी त्यालाच विचारलं, "ती दुपारची काय ऐकते रे?"

तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "तिच्या सायन्सचं काहीतरी. ते सोड. आई, ती वेगळं राहायचं म्हणतेय. करंजाड्याला फ्लॅट बघू म्हणते."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मी हो म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "आणि तिनं तुला काही विचारलं तर तू नाहीच म्हण. काहीही विचारलं तरी नाही."

मग मला सगळं जुळल्यासारखं वाटलं. ती माझ्याशी गोड बोलते ते का, ताट स्वतः घासते ते का. जाणारं माणूस जायच्या आधी जरा जास्तच नीट वागतं. एकाच मुलाच्या आईला वेगळं राहणं म्हणजे काय, ते सांगायला नको. सकाळी उठायचं ते कोणासाठी, हाच प्रश्न.

आता आमच्या भांड्यांच्या मांडणीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या मागच्या डोंगरात दगडाची खाण आहे. तिथे सुरुंग उडवतात. सुरुंग उडाला की स्वयंपाकघरात भिंतीला लावलेल्या स्टीलच्या मांडणीवरच्या ताटल्या किणकिणतात. पण ताटल्या काय, डंपर गेला तरी वाजतात, आणि इमारतींच्या पायात खांब ठोकणारं पायलिंगचं मशीन लागलं तरी वाजतात. मग सुरुंग कुठला आणि डंपर कुठला, हे ओळखायचं कसं? त्यासाठी आम्ही बायकांनी एक रीत पाडली. माझी नणंद सुकापूरला असते आणि बहीण आपट्याला, नदीकाठी. ताटल्या वाजल्या की मी नणंदेला फोन लावायचा. "वाजलं का गो?" तिच्याकडेही वाजलं असलं तर सुरुंग. एकट्या माझ्याकडेच वाजलं असलं तर डंपर, विषय संपला. बहिणीकडे सहसा पोचत नाही. पण कधी तिच्याकडे जोरात आणि आमच्याकडे हळू वाजलं, तर समजायचं की आपल्या डोंगरातला नाही, पलीकडे कुठेतरी नवीन खाण सुरू झाली.

हे इतकं अंगात भिनलं की आमच्या घरात कुठल्याही बातमीला हाच प्रश्न असतो. कोणाची सोयरीक मोडली, कोणाचं पोर पळालं, कोणी काही सांगितलं की समोरची विचारते, "दुसऱ्या घरी वाजलं का?" म्हणजे आणखी कोणी सांगितलंय का, की तू एकटीच सांगतेस.

सुरुंगांमुळे आमच्या मधल्या भिंतीला भेग पडली होती. गावातल्या लोकांनी अर्ज केले तेव्हा मोजणारी माणसं आली. त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलली तर काच तडकेल, म्हणाले. काही दिवसांनी येऊन पाहिलं तर काच जशीच्या तशी. "भिंत हलत नाही, बाई. तुमचं घरच जुनं आहे." ते गेले, आणि पावसाळ्यानंतर हातभर पलीकडे दुसरी भेग आली. काच अजून तिथेच आहे, शाबूत. तेव्हापासून मोजणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही.

तर त्या दुपारी मी चहा घेऊन सुनेजवळ गेले. चहा हे निमित्त. पडद्यावर निळ्या अंधारासारखं काहीतरी आणि त्यात पिवळे डाग. कुठे उभी रेघ, कुठे ठिपक्यांची माळ, कुठे माशाच्या काट्यासारखं. ती एकेक डाग बघत होती आणि बाजूला टाकत होती.

"हे काय गो?"

"गोंगाट, आई." तिने हेडफोन काढले. "खरं काय आहे ते कळायला आधी गोंगाट ओळखावा लागतो. हा बघा, हा वाऱ्याचा असेल. हा विजेच्या तारांमुळे आलेला. जगभरातले लोक आपापल्या घरी बसून हे निवडून देतात."

"पैसे किती देतात?"

"काहीच नाही."

माझी शंका वाढलीच. पैसे न घेता कोण काम करतं? आणि करत असलं तर त्याला दुसरं काहीतरी मिळत असतं.

तिने मला समोर बसवलं. मी पदराला हात पुसत राहिले. ती म्हणाली, "आपण आजवर आकाश फक्त डोळ्यांनी बघत आलो. दुर्बीण म्हणजे मोठा डोळाच. पण आकाशात अशाही वस्तू आहेत की त्यांच्यातून उजेड बाहेरच पडत नाही. कृष्णविवर म्हणतात त्यांना. अशी दोन एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाली. शंभर कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट, त्याहूनही जुनी. दुर्बिणीला काही दिसलं नाही. पण त्या धडकेनं जागाच हलली. ती लाट पसरत पसरत आली, आणि दहा वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या यंत्रांना पहिल्यांदा कळली. आपल्या या घरातूनही गेली ती."

"जागा म्हणजे कंची?"

"ही." तिने आपल्या दोघींमधल्या रिकाम्या जागेवर हात फिरवला. "ही जागा. लाट जाते तेव्हा ही थोडी ताणते, थोडी आखडते."

मी त्या जागेकडे पाहिलं. चहाच्या कपाशिवाय तिथे काही नव्हतं.

"मंग मांडणी का नाय वाजली?"

ती हसली, पण मला हसली नाही. "फारच बारीक असते, आई. ती यंत्रं म्हणजे चार चार किलोमीटर लांब नळ्या. आतून उजेड पाठवतात. लाट आली की त्या लांबीत जो फरक पडतो, तो अणूच्या पोटातल्या कणापेक्षाही लहान."

मी मधल्या भिंतीकडे बघितलं. काचेची पट्टी दिसत होती. चार किलोमीटरात कणाहून लहान फरक मोजणारी माणसं आहेत, आणि बोट जाईल एवढी भेग मोजणारं कोणी नाही. हे मी बोलले नाही, पण तिने माझी नजर पाहिली असावी. तिने हेडफोन माझ्या कानाला लावले. "हे ऐका. त्या पहिल्या लाटेचा आवाज. म्हणजे आवाज नाही, पण कानाला कळेल असा केलाय."

खरखर ऐकू आली. मग नळाखाली कळशी भरत आली की आवाज जसा वर चढतो तसा चढला, आणि चढतो चढतो तोच तुटला.

एवढ्यासाठी ही रोज दुपारी डोळे मिटून बसते? मला पटलं नाही. संध्याकाळी नणंदेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आकाशातला आवाज! आमच्या फ्रिजचाबी तसाच येतो. तुला येडी समजते ती, वयनी."

पण एक गोष्ट मला छळत राहिली. डंपर कुठला आणि आकाशातलं कुठलं, हे त्यांना कसं कळतं? दोन दिवस मनात घोळवून मी कपडे वाळत घालताना तिला विचारलं. आणि विचारता विचारता आमची मांडणीची रीतही सांगून टाकली. इतकं मी एका दमात कधी बोलले नव्हते.

तिच्या हातातली चादर तशीच लोंबत राहिली. "आई, अगदी तेच! अमेरिकेत दोन यंत्रं आहेत, एकमेकांपासून खूप लांब. एकाच ठिकाणी हललं तर ट्रक, झाड, काहीही. दोन्हीकडे एका क्षणाच्या आत हललं तर वरून आलेलं. तुम्ही कुठे जोरात वाजलं ते बघता. ते कुठे आधी पोचलं तेही बघतात. दोन घरांनी कळतं की झालं. तिसरं घर असलं तर कुठून आलं ते कळतं."

"आपट्याला नाय वाजलं तरी आमाला कळतं," मी म्हणाले. "नाय वाजलं म्हंजे त्या बाजूचं नाय."

"तेही झालंय! एकदा दोन मेलेले तारे आपटले. अमेरिकेत दोन्हीकडे जोरात ऐकू आलं, आणि इटलीतल्या यंत्राला जवळजवळ काहीच नाही. त्या न ऐकण्यामुळेच जागा सापडली. सगळ्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि उजेडही दिसला. सोनं अशा धडकेत तयार होतं, हे तेव्हा कळलं."

तिने माझ्या मंगळसूत्राच्या जागी असलेल्या साध्या साखळीकडे बघितलं. मीही बघितलं. नणंदेला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग सोनाराला सांग, वरून पडतंय तर भाव उतरव म्हनावं."

सुनेच्या डोळ्यांत त्या दिवशी जी चमक आली ती मला आवडली, आणि लगेच वाटलं, एवढं कौतुक कशाला? हिला माझ्याकडून काहीतरी हवं आहे. फ्लॅटला माझी मान हलवून हवी असेल.

त्याच आठवड्यात एके दुपारी मी मागच्या दाराने आत आले तेव्हा ती फोनवर हळू आवाजात बोलत होती. "हो सर, मला यायचंय... नाही, घरी अजून बोलणं झालेलं नाही... थोडा वेळ द्या." माझी चाहूल लागताच तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "चहा टाकू का, आई?"

म्हणजे खरंच. मला वाटलं तेच. घराच्या दलालाला कोणी सर म्हणतं का, असा विचार मनात आला, पण पनवेलमध्ये आता दलालांनाही सर म्हणतात.

मी नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "मी पयल्यापासून सांगतेय. तूच गोगलगाय." मग आपट्याला बहिणीला केला. सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "हे फ्लॅटचं तुला कोनी सांगितलं?"

"पोरानं."

"आनि तिनं?"

"तिला कुठं इचारलंय मी."

"मंग बाय, हे एकाच घरी वाजलंय," ती म्हणाली. "डंपर असंल."

मी रागाने फोन ठेवला. मुलगा आणि डंपर! पोटचा मुलगा आहे. पण राग फार वेळ टिकला नाही, कारण ही रीत आम्हीच पाडलेली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलगा ड्युटीवर होता. मी मोड आलेले वाल कोमट पाण्यात घातले आणि परात मध्ये ठेवून सुनेला हाक मारली. वाल सोलायला बसलं की एक बरं असतं, कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. सालं एका बाजूला पडतात, पांढरे दाणे, म्हणजे बिरडं, दुसऱ्या बाजूला. तिला अजून नीट जमत नाही, दाणा हातातून सटकून उडतो. एक उडून माझ्या मांडीवर पडला. मी तो उचलला, तिच्याकडे न बघता विचारलं, "फ्लॅट कंच्या बाजूला बघताव?"

"कुठला फ्लॅट?"

"करंजाड्याचा."

"आई, मी कुठलाही फ्लॅट बघत नाहीये." तिचा आवाज खरा गोंधळलेला होता. मी इतकी वर्षं लोकांचं नुसतं ऐकत आले आहे. खोटा गोंधळ वेगळा असतो.

तिने आणखी चार दाणे सोलले. मग तीच म्हणाली, "मला वाटलं तुम्ही माझ्यावर नाराज आहात. नोकरीवरून."

"कंची नोकरी?"

तिने हात थांबवले. "मराठवाड्याची. तिकडे माळावर तसंच यंत्र बांधतायत, आपल्या देशातलं पहिलं. अजून बरीच वर्षं लागतील. तिथल्या जमिनीची थरथर मोजायच्या कामावर मला घेतायत. ट्रक, वारा, लांबची रेल्वे, सगळं आधी ओळखून ठेवायचं. मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, आईला विचारतो. मग म्हणाले, आई नाही म्हणाली. रडली म्हणाले."

"मी रडले?"

"तसंच म्हणाले."

"मला कोनी इचारलंच नाय," मी म्हणाले.

परातीत पाणी गार होत होतं. माझ्या गप्प बसण्याचा एवढा उपयोग असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी काही बोलत नाही, म्हणून माझ्या तोंडी काहीही घालता येत होतं. मला सांगितलं ती वेगळी निघते, आणि तिला सांगितलं आई सोडत नाही. आम्ही दोघी एका घरात, भिंतीच्या अलीकडे-पलीकडे, आणि दोघींनीही एकमेकींना फोन लावला नाही.

तरी माझी शंका गेली असं नाही. मी मनात म्हटलं, आता हेही एकच घर झालं. तिचं. मुलाचं त्याच्या तोंडून ऐकायला पाहिजे.

संध्याकाळी तो आला. बिरड्याची आमटी त्याच्या आवडीची. दोन घास झाल्यावर मी म्हणाले, "मी कवा रडले रे?"

त्याने सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो. अशा आम्ही कधी बसत नाही.

"दोघी मिळून घेरताय का मला?" तो हसायला गेला, पण हसू जमलं नाही. मग घास ताटात ठेवून म्हणाला, "मी काय करू तिकडं? माळावर? इथं बंदरात माझी माणसं आहेत. मित्र म्हणतात, बायकोचं सामान उचलायला चाललास का. आणि ती एकटी गेली तर म्हणतील, सोडून गेली."

"मंग तसं सांगायचं तिला."

"सांगितलं असतं तर ती थांबली असती," तो म्हणाला. "आणि आयुष्यभर मला बोलली असती. तुझ्यामुळं थांबली असती तर तुला कोण काय बोलणार? तू तर..."

मी तर गप्पच असते. वाक्य मला पूर्ण करता आलं.

सुनेने ताटातून मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती. आता सगळं माझ्या बोलण्यावर होतं. ती गेली तर घरात कमी बोलणारी दोन माणसं उरणार. पाठोपाठ मुलगा गेला तर एकच. ज्या गोष्टीला मी इतके दिवस घाबरत होते तीच समोर होती, फक्त करंजाड्याऐवजी मराठवाडा. करंजाड्याला निदान रिक्षा जाते.

पण तिसऱ्या घराचं मला कळलं होतं. मराठवाड्याचं यंत्र म्हणजे आकाश ऐकणाऱ्यांचं तसंच एक लांबचं घर. तेच नसतं कळलं तर बरं झालं असतं. नुसतं आकाशाचं काम म्हणाली असती तर मी खुशाल नाही म्हणाले असते. आपट्याला माझी बहीण नसती तर पलीकडच्या खाणीचा आम्हाला पत्ता लागला नसता, हे मी माझ्या तोंडाने तिला सांगितलेलं. आणि घरं जितकी लांब तितकं नेमकं कळतं, हेही.

"मी नाय म्हटलेलंच नाय," मी म्हणाले. "आनि आता हो म्हनते. जा तू."

मुलगा ताटावरून उठला नाही. आमटी थंड झाली तरी बसून राहिला. मग तिला म्हणाला, "सुट्टीत येशील ना?"

ती गेली त्याला आता काही महिने झाले. मुलगा महिन्यातून एकदा जाऊन येतो. सामान उचलतो की नाही ते मित्रांना माहीत. त्याच्या प्रत्येक बातमीवर मी आता तिला फोन करून खात्री करते, आणि तो चिडतो. ती सांगते, अजून खोदकामच चाललंय, मोठी गाडी गेली की तिच्या यंत्रात डाग उमटतात. वर्षानुवर्षं ती डंपरच मोजणार असं दिसतं. मला अजूनही वाटतं, एवढा खर्च, एवढी माणसं, एका कळशीच्या आवाजासाठी? आणि तिथल्या कोणाच्या भिंतीला भेगा पडल्या तर कोण काच लावायला येणार? हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, विचारून ठेवते. विचारेल. तिला विचारता येतं.

मागच्या आठवड्यात मला ताप होता. तिचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "बरी हाय." मी नेहमी तेच म्हणते. ती बरं म्हणाली, फोन ठेवला. थोड्या वेळाने नणंद रिक्षा करून सुकापूरहून दारात उभी. हातात पेजेचा डबा.

"तुला कोनी सांगितलं?"

"तुझ्या सुनेनं. फोन करून इचारलं, आत्या, आई बऱ्या हायत का खरंच? मी म्हटलं, मला काय ठाव, आवाज बसलेला वाटला परवा. तर म्हनते, आपट्याच्या मावशींनापन तसाच वाटला."

म्हणजे माझ्या एकटीच्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही. मी पेज प्यायले.